सुरतेची वीज
गुजरातमधील सुरत शहराला तापी खोऱ्यातील व पश्चिम विभागीय जाळ्यातील केंद्रांकडून होणारा वीजपुरवठा. शहरात टोरंट पॉवर आणि दक्षिण गुजरात वीज कंपनी यांचे वितरण आहे. पर्वत पाटिया, लिंबायत, उधना या पट्ट्यात कापडबाजार, यंत्रमाग आणि खानदेशातून आलेल्या मराठी कामगारांची दाट वस्ती असून, माग रात्रपाळीतही चालत असल्याने विजेची मागणी सूर्यास्तानंतरही टिकते.

स्रोत : १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणावर ७५ मेगावॅटचे चार जलविद्युत संच आहेत, त्यांची निर्मिती तापीच्या पाण्यावर अवलंबून. शेजारच्या उकाई औष्णिक केंद्रात कोळसा जळतो. सुरतजवळचे कवास (६५६ मेगावॅट) व सुजेन (१,१४७.५ मेगावॅट) हे प्रकल्प नैसर्गिक वायूवर चालतात. वायूचे उत्सर्जन कोळशापेक्षा कमी, पण शून्य नव्हे. शिवाय वायू महागला की हे संच थांबतात.

अणुऊर्जा : व्याराजवळील काकरापार येथे २२० मेगावॅटचे दोन संच १९९३ व १९९५ पासून वीज देतात. तिसरा, ७०० मेगावॅटचा देशी बनावटीचा पहिला संच जून २०२३ मध्ये आणि तसाच चौथा मार्च २०२४ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला. एकूण क्षमता १,८४० मेगावॅट. या अणुभट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम इंधन असते व जड पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते. रात्रंदिवस सारखी वीज देणारा हा परिसरातील सर्वांत मोठा अल्पकार्बन स्रोत होय.

स्थानिक प्रयोग : महापालिकेने अंजना येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात २००३ मध्ये अर्ध्या मेगावॅटचा संच बसवला. बंद टाक्यांत गाळ कुजवून मिळणारा मिथेनयुक्त वायू, त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढून, इंजिनात जाळतात. ही वीज केंद्रातच वापरली जाते. घरांच्या गच्च्यांवरील सौर पॅनेलांना २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून अनुदान मिळते.

मूल्यमापन : २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, प्रत्यक्ष निर्मितीत मात्र सुमारे तीन-चतुर्थांश वाटा कोळशाचाच राहिला. सौर संच दिवसाच चालतात, हे या तफावतीचे एक मुख्य कारण. त्यामुळे नुसते पॅनेल वाढवून रात्रपाळीची वीज कार्बनमुक्त होणार नाही. त्यासाठी साठवणुकीची सोय, जलविद्युत आणि अणुऊर्जा यांची जोड लागेल.