एकाच मागणीची तबकडी

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे चिटणीसबाईंनी सुचविले. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणाऱ्या विदुषी आपल्या मंडळात आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून मी एका लहानशा वस्तूचा इतिहास निवडला आहे. ती वस्तू म्हणजे गाण्याची सीडी. तीही दुकानात शेकड्यांनी ठेवलेली नव्हे, तर कोणी एकाने मागितली की तेवढी एकच तयार करून दिली जाणारी. माझ्या लेकीने संगणकावर वाचून माहिती सांगितली, ती मी माझ्या समजुतीप्रमाणे मांडीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावी.

पंगतीचा स्वयंपाक आणि घरचा स्वयंपाक यांतला फरक आपणां बायकांना सांगायला नको. पंगतीसाठी आचारी लावला, चूल पेटविली, मोठी पातेली चढविली की दोनशे पाने उठली तरच तो खर्च अंगावर येत नाही. गाण्याची तबकडी छापण्याचे काम पहिल्यापासून असे पंगतीचेच होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकड्या छापण्यासाठी ते मुद्रण थेट जर्मनीत हॅनोव्हरला पाठवावे लागले. एवढा खटाटोप करायचा तो ज्या गायिकेच्या तबकड्या पुष्कळ खपतील तिच्यासाठीच, हे ओघानेच आले.

पुढे १९८२ साली सीडी बाजारात आली. ती बारा सेंटिमीटर व्यासाची, पण छापण्याची रीत जुन्याच वळणाची. आधी काचेवर मूळ प्रत करायची, तिच्यावरून धातूचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यात प्लॅस्टिक दाबून प्रती काढायच्या. साचा महाग, म्हणून पाचशे-हजार प्रती काढल्याखेरीज परवडत नसे. ज्या गवयाच्या पाठीशी कंपनी नाही त्याने काय करावे? पदरचे पैसे घालून हजार प्रती काढायच्या आणि न खपलेली खोकी घरी माळ्यावर ठेवायची, किंवा गाणे आपल्यापाशीच ठेवायचे.

या अडचणीत अगदी निराळ्या विचाराने वागलेला एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेला. मोझेस ॲश हे त्याचे नाव. १९४८ साली न्यूयॉर्क येथे त्याने मरियन डिस्टलर नावाच्या बाईंच्या साहाय्याने ‘फोकवेज’ ही तबकड्यांची संस्था काढली. लोकगीते, मुलांची गाणी, देशोदेशींचे संगीत, बेडकांचे आवाजसुद्धा त्याने तबकडीवर घेतले. त्याचा नेम असा की एकदा काढलेली तबकडी यादीतून काढून टाकायची नाही. खप कमी असला तर थोड्या प्रती काढायच्या, पण मागणाऱ्याला ‘संपली’ असे सांगायचे नाही. १९८६ साली तो वारला, तेव्हा यादीत २,१६८ तबकड्या होत्या. १९८७ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या सरकारी आश्रयाच्या संग्रहालय-संस्थेने तो ठेवा घेतला, तो या अटीवर की यांतली एकही तबकडी कधी बंद पडू द्यायची नाही.

अट गोड, पण पाळायची कशी? दोन हजारांवर तबकड्या हजार-हजारांनी छापून ठेवणे कोणाला शक्य होते? म्हणून त्यांनी घरच्या स्वयंपाकाची रीत धरली. पत्र आले की मूळ मुद्रणावरून तेवढी एक कॅसेट भरून पाठवायची. आणि पुढे सोय झाल्यावर एक सीडी. ही सोय १९८८ साली जपानातील तायो युदेन या कंपनीने काढलेल्या लिहिण्याच्या सीडीमुळे झाली. तिच्या पोटात एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो. प्रकाशाचा बारीक किरण त्यावर खुणा उमटवितो, आणि त्या खुणाच पुढे यंत्र गाणे म्हणून वाचते. साचा नको, कारखाना नको. आरंभी हे यंत्र फार महाग होते. १९९५ च्या सुमारास ते हजार डॉलरांच्या आत आले आणि एकट्यादुकट्या कलावंतांचे दार उघडले.

त्या २,१६८ तबकड्यांपैकी एक एलिझाबेथ कॉटन या बाईंची आहे. त्या उत्तर कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय कुटुंबातल्या. लहानपणी लोकांच्या घरी काम करून मिळालेल्या पैशांतून त्यांनी गिटार घेतली आणि डावखुऱ्या असल्याने ती उलटी धरून आपली आपण शिकल्या. पुढे लग्न, मूल, संसार यांत वाद्य बाजूला पडले. उतारवयात सीगर नावाच्या संगीतज्ञ कुटुंबात त्या घरकामाला होत्या. तिथे एके दिवशी भिंतीवरची गिटार त्यांनी हाती घेतली आणि घरची माणसे थक्क झाली. त्याच घरच्या मुलाने त्यांचे गाणे मुद्रित केले, आणि १९५८ साली, साठी उलटल्यावर, फोकवेजने त्यांची पहिली तबकडी काढली. १९८५ साली त्यांना अमेरिकेतला ग्रॅमी हा मोठा सन्मान मिळाला. त्यांच्या तबकडीला गिऱ्हाईक लाभले. पण तिच्या शेजारी ज्यांना वर्षात दोनच माणसे मागतात अशाही तबकड्या होत्या, आणि त्यांनाही तोच नेम लागू होता.

व्यापाऱ्यांनीही ही रीत उचलली. १९९७ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एमपीथ्री डॉट कॉम या कंपनीकडे कोणीही आपली गाणी द्यावीत, मागणी येईल तशी कंपनी एकेक सीडी करून विकी आणि निम्मे पैसे कलावंताला देई. हजारो अनोळखी कलावंतांना तो आधार वाटला. परंतु कंपनी विकली गेली, आणि २००३ च्या अखेरीस तो गाण्यांचा साठाच बंद झाला. यंत्र दोघांकडेही सारखेच होते; संस्थेने पाळण्याची अट स्वीकारली होती, कंपनीवर तशी कसलीच अट नव्हती. गाणे टिकते ते यंत्राने नव्हे, कोणीतरी ते सांभाळण्याचे कबूल केलेले असते म्हणून, असे मला वाटते.

आपल्याकडे अशी कबुली दिलेली माणसे झाली नाहीत असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या कित्येक बायकांच्या आवाजांत मुद्रितही करून ठेवल्या. माझ्या सासूबाई अशाच ओव्या गात. त्यांच्या गावी कोणी पोहोचले नाही. ओव्यांतले काही शब्द माझ्या ध्यानात आहेत, पण ‘बाई’ म्हणताना त्यांचा आवाज जसा ओढला जाई, तो आता कोठेही नाही. तो ऐकायला मागणारी मी एकटीच असेन. पण एक मागणीही मागणीच असते.

आता सीडीचाही काळ सरला आहे. नव्या संगणकांत ती घालायला जागा नसते, आणि लिहिलेल्या सीडीचा रंग कालांतराने उडतो, म्हणून वेळीच दुसऱ्या प्रती करून ठेवाव्या लागतात. मुद्रण मात्र आता हातातल्या फोनवरही होते. मंडळात सत्तरी ओलांडलेल्या ज्या भगिनी आहेत, त्यांच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, पाळणे या वर्षी मुद्रित करावेत. प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. आणि मंडळाने ठराव करावा की या यादीतले एकही गाणे काढून टाकायचे नाही, मग ते ऐकायला वर्षात एकच नात आली तरी चालेल.