मडकें, धागा आणि एंजिन

मडकें आंवा सोसतें, धक्का सोसत नाहीं. विमानाच्या एंजिनांतील निकेलचे मिश्रधातु धक्का सोसतात, पण सुमारें १३०० अंश सेंटिग्रेडच्या पुढें वितळूं लागतात. आणि आकाशांत एंजिनाचा भाग मडक्यासारखा फुटला, तर प्रवाशांच्या जिवाशींच गांठ!

१९७५ सालीं जपानांतील तोहोकु विद्यापीठांत सेइशी याजिमा यांनीं सिलिकॉनयुक्त द्रव्याचे तंतु ओढून, भाजून सिलिकॉन कार्बाइडचे केसाहून बारीक धागे केले. ते त्याच कार्बाइडांत गुंफले, कीं तडा धाग्यापाशीं येऊन वळतो. मात्र धागा भोंवतालच्या द्रव्यास घट्ट चिकटतां कामा नये. म्हणून त्यावर बोरॉन नायट्राइडचा लेप देतात. ही सैल सोयरीकच मला खरी खुबी वाटते. २०१६ सालीं लीप एंजिनाबरोबर हें द्रव्य प्रवासी विमानांत चढलें. तप्त वाफ मात्र त्यास झिजविते. तिच्यासाठीं वरून आणखी एक लेप लागतोच.