एकास सत्त्याऐंशी

माणसाला छंद हवा, यावर सगळ्यांचं एकमत आहे. तो शेजारच्या घरातल्या माणसाला हवा, यावर तर त्याहून जास्त. ‘त्या देशपांड्यांकडे बघा, कशी तिकिटं जमवतात!’ असं मला वर्षानुवर्षं ऐकवणारी आमची ही, मी आइसक्रीमच्या काड्या जमवायला लागल्यावर मात्र माझ्याकडे काळजीने बघू लागली. त्यातून त्या काड्या मी लग्नाच्या पंगतीनंतर गोळा करीत असे. तिचंही अगदीच चूक नव्हतं.

मी बँकेत क्लार्क आहे. हल्ली आमच्या पदाला एक लांबलचक इंग्रजी नाव मिळालं आहे, पण काम क्लार्काचंच असल्यामुळे मी जुनंच नाव वापरतो. बी. कॉम. होऊन वीस वर्षांवर झाली. हाताने काही करायचं म्हणजे शिक्का मारायचा, एवढीच माझी कारागिरी. अशा माणसाने लाकडाचं स्टेशन बांधायला घ्यावं, हे लक्षण काही ठीक नव्हे.

सुरुवात पुण्याला झाली. कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. चिरंजीवांच्या हट्टाखातर तिथे गेलो. दिवे मालवले, सिग्नल लागले, गाड्या धावू लागल्या. चिरंजीव गाड्यांमागे पळत होते आणि मी एका जागी खिळलो होतो. माझ्यासमोर एक बोटभर घर होतं आणि त्याच्या नखाएवढ्या खिडकीत दिवा लागला होता. आत कोणीतरी राहत असावं असं उगीचच वाटलं. परत येताना चिरंजीवांनी इंजिन मागितलं आणि मी वाण्याकडून काड्यापेट्यांचं पुडकं घेतलं.

कुठल्याही गोष्टीत पडण्यापूर्वी तिचा मागचा हिशेब तपासायचा, ही बँकेतली सवय. म्हणून या छंदाचा इतिहास वाचायला घेतला आणि पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की यात घरांना कोणी विचारत नव्हतं.

जर्मनीत ग्योपिंगेन गावी मेर्कलिन नावाची कंपनी १८५९ सालापासून पत्र्याची खेळणी करीत होती. बाहुल्यांची भातुकली हा तिचा मूळ धंदा. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने खेळण्यातली रेल्वे मांडली आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक देऊन टाकले. माझ्यातला कॉमर्स पदवीधर इथे उठून उभा राहिला. बाहुली एकदा विकली की विकली. पण रूळ ठरावीक मापाचे केले की या दिवाळीला इंजिन, पुढच्या दिवाळीला डबा, त्याच्या पुढच्या दिवाळीला सिग्नल! मुलगा मोठा होईपर्यंत बापाच्या खिशाला लागलेलं हे रिकरिंग डिपॉझिटच. फक्त मुदत संपल्यावर परत काही मिळत नाही.

या गाड्यांना स्टेशनंही असत, पण पत्र्याची आणि कसल्याच प्रमाणात नसलेली. मुलाचं लक्ष गाडीवर, मग स्टेशन दारापेक्षा उंच प्रवाशाचं असलं तरी कोण विचारतो?

पुढे गाड्या लहान होत गेल्या. घरं शहरात आली, दिवाणखाने आखडले. १९३५च्या सुमारास जर्मनीत साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या गाड्या बाजारात आल्या. खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग, असं त्याचं प्रमाण पुढे रूढ झालं. एकास सत्त्याऐंशी! हा आकडा कुठून आला म्हणाल, तर आधी एक साडेत्रेचाळिसाचं प्रमाण होतं, त्याचं हे निम्मं. म्हणजे एखाद्या कर्जाच्या व्याजाचा दर असावा तसा आकडा. भागायला कठीण, सांगायला कठीण आणि एकदा सही झाली की बदलता येत नाही.

इंग्रजांनी यात जी गंमत केली ती मात्र मला फारच आवडली. त्यांची खरी इंजिनं जर्मन इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. तेव्हा त्यांनी इंजिन थोडं मोठं केलं, एकास शहात्तर. पण रूळ ठेवले जर्मनीचेच, साडेसोळा मिलिमीटरचे. आता गुणाकार करून पाहा. त्या हिशेबाने खरे रूळ चार फूट दीड इंच रुंद हवेत. प्रत्यक्षात ते आहेत चार फूट साडेआठ इंच. सात इंचांचा फरक! माझ्या कॅशमध्ये सात रुपयांचा फरक आला तर मला रात्री आठपर्यंत घरी सोडत नाहीत, आणि या लोकांनी सात इंच सस्पेन्स खात्यात टाकून पाऊण शतकाहून जास्त काळ गाड्या चालवल्या. काही हौशी मंडळींनी चिडून रुंद रूळ टाकून पाहिले. बाकीच्यांनी सोयीस्करपणे मान दुसरीकडे वळवली. राज्य करायला असाच स्वभाव लागत असणार.

पण आपला विषय घरांचा. गाडीला गाव हवं, हे ज्यांनी इंग्लंडात पहिल्यांदा ठासून सांगितलं त्यांत जॉन अहर्न हा एक. गृहस्थ विमा-व्यवसायातला, म्हणजे आमच्या भावकीतलाच. त्या वेळचे हौशी लोक इंजिनाचा एकेक खिळा मोजत आणि ते इंजिन उघड्या फळीवर फिरवत. अहर्नने दुसऱ्या महायुद्धापूर्वी मॅडर नावाच्या नदीचं एक आख्खं काल्पनिक खोरं रचायला घेतलं. त्यात बंदर, गिरणी, दारूचे गुत्ते, वाकडेतिकडे रस्ते. आगगाडी त्या गावातून जात असे. गाव काही गाडीसाठी बांधलेलं दिसत नसे. फरक एवढाच, पण त्या एवढ्याशा फरकाने खेळण्याचं चित्र झालं. चिमुकल्या इमारती कशा बांधाव्यात यावर त्याने पुस्तकच लिहिलं.

दुसरा रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, माणूस ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली विशीच्या आतबाहेरचा हा पोरगा इंग्लंडात आला आणि ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतली गवताने शाकारलेली जुनी घरं पाहून तिथेच अडकला. पण त्याच्या डोळ्यांदेखत ती घरं बदलत होती, पडत होती. घरं काही त्याच्या मालकीची नव्हती. त्याने मग त्या घरांची मापं घ्यायला सुरुवात केली. दार किती, चौकट किती, धुराडं कुठे कललेलं, सगळं टिपून घ्यायचं आणि एकास शहात्तर प्रमाणात पुठ्ठ्याचं तेच घर उभं करायचं. १९५४ साली लाँग विटनम गावात त्याने त्याचं संग्रहालय केलं, पेंडन नावाचं. १९९५ साली तो वारला, पण काम थांबलं नाही. स्वयंसेवक अजून घरं बांधताहेत. १९६१ साली अहर्न वारला, त्यानंतर त्याचं मॅडरचं खोरंही तिथेच वस्तीला गेलं.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण मलाही एक घर मोजायचं होतं आणि मला उशीर झाला होता.

माझे वडील बार्शी लाइटवर स्टेशनमास्तर होते. बार्शी लाइट म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू केली. कापसाची पेठ मोठ्या रेल्वेपासून दूर राहिली होती, तिला जोडायला. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला पोचली. पांडुरंगाला जितके वारकरी या गाडीने नेऊन भेटवले, तितकं पुण्य त्या साहेबाच्या खात्यावर जमा असणार. हा कॅल्थ्रॉप एक वल्लीच होता. अरबी घोडे पाळायचा आणि त्याचा मित्र रोल्स, तो मोटारवाला, १९१० साली विमान पडून गेला म्हणून पुढे त्याने हवाई छत्री तयार केली.

याच कॅल्थ्रॉपने मग इंग्लंडात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात बार्शीच्याच धर्तीची अडीच फुटी रेल्वे बांधली. १९०४ साली सुरू, १९३४ साली बंद. इंजिनांच्या तोंडावर हे एवढाले हिंदुस्थानी पद्धतीचे दिवे आणि डब्यात दुधाच्या कासंड्या! तिच्या रुळांच्या जागी आज पायवाट आहे. पण इंग्लंडातले हौशी लोक तिची चिमुकली स्टेशनं आजही बांधतात. तेव्हा मला वाटलं, बार्शीच्या धाकट्या बहिणीचं एवढं कौतुक, तर थोरलीचं एखादं स्टेशन बार्शीकडच्या माणसाने बांधायला काय हरकत आहे? आणि हिशेबही जुळत होता. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात. नऊ गुणिले सत्त्याऐंशी म्हणजे सातशे त्र्याऐंशी. खरी बार्शी लाइट सातशे बासष्ट. फरक एकवीस मिलिमीटर. एवढ्याला आमचा ऑडिटरही हरकत घेत नाही.

अडचण एकच होती. स्टेशन जागेवर नव्हतं. २००० सालानंतर टप्प्याटप्प्याने ही लाइन रुंद झाली आणि आमचं स्टेशन गेलं. तक्रार नाही. आता लातुराहून रात्री बसलं की सकाळी मुंबई. वारकऱ्यांनाही पाय पसरायला जागा झाली. पण माझ्याकडे त्या स्टेशनचा एकच फोटो उरला, मामाच्या लग्नाच्या वऱ्हाडाचा. त्यात मामा जास्त आणि स्टेशन कमी.

रॉय इंग्लंडकडे टेप होता. माझ्याकडे शकूमावशी होती. फोटोत ती दाराला टेकून उभी आहे. मावशी पाच फूट, फोटोत तीस मिलिमीटर. दार बेचाळीस मिलिमीटर. त्रैराशिक मांडलं, दार सात फूट. सत्त्याऐंशीने भागलं, साडेचोवीस मिलिमीटर. मोठ्या अभिमानाने आईला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, त्या दिवशी शकूने उंच टाचांच्या चपला घातल्या होत्या की!” सगळी मापं परत काढली.

व्हरांड्याच्या खांबांवरून तर घरात दोन तट पडले. आई म्हणते चार, दादा म्हणतो सहा. दोघांनीही तिथे आयुष्याची बारा वर्षं काढलेली. मी पाच लावले. लोकशाहीत असंच करतात.

लाकडाचे प्रयोग सांगत बसलो तर लेख लांबेल. विमानांच्या प्रतिकृतींसाठी वापरतात ते बाल्सा लाकूड आणलं. कापसासारखं हलकं असून वनस्पतिशास्त्रात त्याची गणना कठीण लाकडात होते. आमच्याकडेही मवाळ स्वभावाचे काही लोक अधिकारी वर्गात मोडतात, तसंच. पण काचकागद जरा जोरात फिरवला की भिंत बसे. मग सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरतात तो पांगारा मिळवला. खांबांना काड्यापेटीच्या काड्या, गुलाची डोकी कापून. फळ्यांना आइसक्रीमच्या काड्या, ब्लेडने उभ्या चिरून. कौलांना बिस्किटांच्या खोक्यातला नालीदार कागद. आणि या सगळ्यावर फेविकॉल, ज्याने स्टेशनपेक्षा माझी बोटं जास्त पक्की जोडली. दोनदा अंगठ्याला पट्टी बांधून काउंटरवर बसलो. एका म्हाताऱ्या ग्राहकाने विचारलं, “नोटा मोजून मोजून झालं का हो?” मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी खातं बंद केलं असतं.

पाच महिन्यांनी स्टेशन झालं. चिरंजीव आले, चहूबाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, “बाबा, गाडी कुठाय?” गाडी अजून यायची आहे. बार्शी लाइटच्या प्रवाशांना त्याची सवय होती.

मग आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, वाकली आणि खूप वेळ काहीच बोलली नाही. शेवटी तिकिटाच्या खिडकीवर करंगळी ठेवून म्हणाली, “ही चुकली. खिडकी वर होती. ह्यांची गाडीची वेळ असली की मी बाहेरून डबा द्यायची ना, तर मला टाचा उंच कराव्या लागायच्या. आणि हे आतून मुद्दाम हात बाहेर काढायचे नाहीत.”

वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिने आम्हाला कधी सांगितली नव्हती. कोणी विचारलीच नव्हती. खिडकीची उंची कोण विचारतो?

त्या रात्री खिडकी कापून काढली आणि दोन मिलिमीटर वर बसवली. खऱ्या मापात जवळजवळ सात इंच. इंग्रजांचे हरवलेले ते सात इंच बहुधा आमच्या स्टेशनात निघाले असावेत. निदान तेवढी एक नोंद मी सस्पेन्स खात्यातून काढून योग्य खात्यावर टाकली.

खांब मात्र पाचच आहेत. दादा दिवाळीला येणार आहे, तेव्हा बघू.