खोगीर, त्याची भरती आणि मराठ्यांचे घोडदळ

‘खोगीरभरती’ हा शब्द आज निरुपयोगी भरणा या अर्थाने रूढ आहे. मूळ अर्थ मात्र खोगिरात भरावयाच्या साहित्याचा. आणि घोडदळाच्या दृष्टीने ते मुळीच निरुपयोगी नव्हते. स्वाराचा भार कण्यावर न येता त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर विभागला जावा, हे खोगिराचे प्रमुख कार्य होय. घोडा रोडावला की हा भाग खोल जातो, कणा वर दिसू लागतो आणि एरवी नीट बसणारे खोगीरही पाठ सोलू लागते. अशा वेळी भर वाढविणे उपयुक्त ठरते. परंतु मुळातच अरुंद असलेल्या खोगिराखाली जाड गादी घातल्यास ते अधिकच आवळते.

शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील लष्करी अधिकाऱ्यांना पाठविलेल्या पत्रात दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरण्याची ताकीद आहे. पत्राचा विषय वैरण आहे, खोगीर नव्हे. तथापि उपासमारीने खंगलेल्या घोड्यावर खोगीर नीट बसविणे कठीण, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतील असे, शिलेदाराचा स्वतःच्या मालकीचा. त्यामुळे पाठीवरील जखमेची झळ शिलेदाराच्या थेट मालमत्तेलाच पोहोचत असणार.