शनिवारचा घाणा आणि श्रावणातला रोजा

श्रोतेहो, श्रावण लागला म्हणजे आपल्या वऱ्हाडात बायामाणसांना उसंत नसते. वावरात निंदण चालू, डवरे फिरताहेत, आणि घरी सोमवार, शनिवार, पंचमी असे एकामागून एक उपास. त्याच श्रावणात, बहुतेक वर्षी शुद्ध नवमीच्या सुमारास, महाराष्ट्रातली काही मराठी घरे आणखी एक उपास करतात. सूर्य मावळला की तो सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चालतो. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, पायांत कातड्याचा जोडा घालायचा नाही, अंघोळ करायची नाही. जमिनीवर बसायचे आणि मंद उजेडात विलापाचे अध्याय वाचायचे.

या उपासाचे नाव काय, तर 'बिरड्याचा रोजा'. बिरडे म्हणजे भिजवून, मोड आणून सोललेले वाल. रोज्याच्या जेवणात त्यांचे कालवण असते, म्हणून हे नाव. त्यातला 'रोजा' शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा आणि 'बिरडे' कोकणच्या चुलीवरचे. उपास करणारे मात्र ज्यू, म्हणजे यहुदी लोक. ते स्वतःला 'बेने इस्राएल', इस्राएलची लेकरे, म्हणवतात. त्यांची वस्ती मुख्यतः कुलाबा जिल्ह्यातली, ज्याला आज रायगड म्हणतात, आणि पुढे मुंबई, ठाणे, पुणे इकडची. त्यामुळे अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या लोकांची त्यांच्याशी फारशी गाठ पडली नाही. म्हणूनच त्यांच्या उन्हाळ्यातल्या पूजाअर्चेची आणि समाजजीवनाची हकिगत आज सांगायची आहे.

उन्हाळ्यातली म्हटले आणि उपास तर श्रावणातला, हे कसे? तिकडेच येतो. आधी माणसांची ओळख करून घेऊ.

बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असता अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटले. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला पुरले. ही घटना केव्हाची, याबद्दल विद्वानांची मते निरनिराळी आहेत. पण वाचलेले लोक कोकणात रुजले, एवढे निश्चित. ज्या गावी राहिले त्या गावाचे आडनाव त्यांनी घेतले. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर. बाया नऊवारी नेसू लागल्या. घरात मराठी बोलली जाऊ लागली. आणि धंदा धरला तेलाच्या घाण्याचा.

घाणा आपल्याला नवा नाही. लाकडी घाण्याचा कुरकुर आवाज, डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरणारा बैल आणि पेंडीचा वास वऱ्हाडातल्या वडीलधाऱ्यांना चांगला आठवत असेल. कोकणातल्या या तेल्यांची एक गोष्ट मात्र गावाला चमत्कारिक वाटे. शुक्रवारी दिवस मावळला की यांचा घाणा थांबे, तो शनिवारी रात्र पडेपर्यंत जुंपला जात नसे. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. गावाने त्यांचे नावच ठेवून दिले, 'शनिवार तेली'.

आता शाळेतल्या गुरुजींनी इथे जरा थांबावे. या लोकांनी शेकडो वर्षे आपला इतिहास लिहून ठेवलेला नव्हता. धर्मग्रंथ त्यांच्यापाशी उरला नव्हता आणि हिब्रू भाषा ते विसरले होते. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या एका मिशनऱ्याने या लोकांविषयी एका पत्रात लिहिले, त्यातही हेच आहे : त्यांच्यापाशी बायबल नाही, हिब्रू येत नाही, 'शमा' या प्रार्थनेचा शब्द तेवढा ठाऊक आहे. मग ते शब्बाथ पाळत होते याला पुरावा काय? मोठा पुरावा शेजाऱ्यांनी ठेवलेल्या या टोपणनावातच आहे. ग्रंथ गेला, पण गावाच्या तोंडी 'शनिवार' राहिला. गावकऱ्यांनी सहज उच्चारलेला एक शब्द इतिहासाचा कागद होऊन बसला!

याशिवाय त्यांनी आठव्या दिवशी मुलाची सुंता करणे सोडले नाही, आणि पर व खवले असलेलीच मासळी खायची हा नेमही मोडला नाही. सणवारही राहिले, पण त्यांची नावे मराठी झाली. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. मोठ्या उपासाच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून ती 'दारफाळणी', आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. पुरीमचा सण फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे येतो, म्हणून तो 'होळीचा सण'.

असे तिथीला तिथी कशी जुळते? कारण त्यांचे पंचांग आपल्यासारखेच चांद्र आहे. महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आणि चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षाशी जुळवण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरावे लागतात. आपल्याकडेही अधिक मासाचे प्रमाण जवळजवळ तेवढेच पडते. वर्गात अधिक मास समजावताना हे उदाहरण जरूर सांगावे. मुलांना मोठी गंमत वाटेल.

आता उन्हाळ्याकडे येऊ. हे पंचांग घडले पॅलेस्टाइनच्या मातीत. तिथे पाऊस थंडीत पडतो. चैत्रापासून आश्विनापर्यंत आकाश कोरडे असते. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा पेसाह, म्हणजे वल्हांडण सण येतो, तेव्हा तिकडे सातूच्या कापणीचे दिवस. तिथून सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशी शाबुओथ. तो गव्हाच्या सुगीचा आणि दहा आज्ञा मिळाल्याचा सण. पुढे ऐन उन्हाच्या तडाख्यात, आब महिन्याच्या नवमीला, यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याचे सुतक. ते मंदिर दोनदा पडले. पहिले बाबिलोनच्या लोकांनी इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास पाडले, दुसरे रोमनांनी इसवी सन ७० मध्ये. दोन्हींचा शोक याच दिवशी करतात, आणि हाच आपला बिरड्याचा रोजा.

हे सण आपल्या हवामानावर ठेवून पाहा. आपला गहू होळीच्या आगेमागेच खळ्यात येतो. शाबुओथला, म्हणजे बहुधा ज्येष्ठात, वावर नांगरून उघडे पडलेले असते आणि शेतकरी मृगाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. आणि आबची नवमी तिकडे कडक उन्हाळ्याची, तर इकडे कोकणात धो धो पावसाची. उन्हाळ्यातला उपास श्रावणात आला तो असा.

याहून नवलाची गोष्ट प्रार्थनेत आहे. दिवसातून तीन वेळा उभ्याने म्हणायची जी मुख्य प्रार्थना, तिच्यात ऋतूप्रमाणे एक वाक्य बदलते. हिवाळ्यात 'पाऊस पाडणारा' म्हणून देवाची स्तुती करायची, आणि पेसाहपासून पुढे सारा उन्हाळा, बेने इस्राएल ज्या पद्धतीने प्रार्थना करतात तिच्यात, 'दव पाडणारा' म्हणायचे. मनात चित्र आणा. अलिबागला आषाढाची झड लागली आहे, कौलांवरून पागोळ्या गळताहेत, गल्लीतून पाणी वाहते आहे, आणि आत माणसे दवाबद्दल देवाचे आभार मानताहेत!

कोणी म्हणेल, हा वेडेपणा आहे. तसे नाही, मंडळी. ही शंका फार जुनी आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी निनवे गावच्या लोकांनी धर्मपंडिताला विचारले होते, आम्हाला उन्हाळ्यातच पाऊस लागतो, तर आम्ही काय करावे? तालमूद ग्रंथात हा प्रश्न आणि त्याचे उत्तर नोंदलेले आहे. उत्तर असे की, सर्वांची मिळून असलेली प्रार्थना बदलायची नाही, पण 'प्रार्थना ऐकणारा' म्हणून देवाला जिथे हाक मारतात, तिथे ज्याने त्याने आपल्यासाठी पाऊस मागावा.

मला वाटते, बेने इस्राएलांनी कोकणात जे केले ते याच धर्तीचे. सुतक यरुशलेमचे ठेवले, पण ताटात बिरडे वाढले. पेसाहच्या आठ दिवसांत खमीर वर्ज्य, म्हणून आंबवणाचे भांडे झाकून ठेवीत, आणि त्या सणालाच 'अनशी ढाकायचा सण' म्हणत. तिथी सर्वांची, नाव आपल्या घरचे. हजारो मैलांवरचे पंचांग परक्या पावसात टिकले, ते बायकांनी चुलीपाशी सांभाळले म्हणून.

ग्रंथ पुन्हा हाती आला तो पुढे. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. मराठीत त्याला सारे 'जुनी मशीद' म्हणत. मग रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशा गावी मशिदी उभ्या राहिल्या. अलिबागची १८४८ ची. ती जिथे आहे त्या आळीला आजही 'इस्राएल आळी' म्हणतात. कोचीनच्या ज्यू गुरूंनी येऊन प्रार्थना शिकवल्या. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. १८७४ साली पुण्यात पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी अर्थासह निघाली. तिच्या चित्रात बिनखमीरी भाकरी करणाऱ्या बाया चक्क लुगडे नेसलेल्या आहेत. आणि १८८० साली मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले. बरं का, कीर्तन अगदी आपल्यासारखे, झांजा आणि साकी-दिंडीसह, पण आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे!

शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर प्रभृतींनी मुंबईत शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा. रिबेका रूबेन या १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिल्या आल्या. तो मान मिळवणारी ती पहिली मुलगी. पुढे १९२२ पासून १९५० पर्यंत याच शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या.

मग आज काय स्थिती आहे? १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि एकेक घर तिकडे निघाले. तिथेही त्यांना सुख आयते मिळाले नाही. तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहसंबंधांवर शंका घेतल्या. मोठी चळवळ करावी लागली, तेव्हा १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. ज्यांनी शनिवारी घाणा जुंपला नाही, त्यांना पुरावा मागितला गेला! तिथे गेल्यावरही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे चालवले.

इकडे महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ज्यू उरले २,४६६. २०१६ साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण प्रश्न केवळ आकड्यांचा नाही. सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्या रीतीप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असले तरी काही भाग म्हणता येत नाहीत. कोकणातल्या लहान गावी मशिदीची इमारत शाबूत असते, दिवाही लागतो, पण दहावा माणूस कुठून आणायचा हा प्रश्न पडतो.

दहावा माणूस आपल्याला होता येणार नाही. त्यांचा धर्म त्यांनी पाळायचा आहे. पण शेजाऱ्याचे काम आपल्याला करता येईल. 'शनिवार तेली' हा शब्द ज्या गावकऱ्यांनी ठेवला, त्यांना इतिहासाची सेवा करतो आहोत याची कल्पनाही नव्हती. शेजारी काय करतो हे त्यांनी नीट पाहिले आणि त्याला नाव दिले, एवढेच.

गुरुजनहो, आपापल्या गावातही अशी चार-दोन घरे असतात, ज्यांचा सण बाकी गावाच्या सणाहून निराळा असतो. एखादा फिरस्ता समाज असेल, एखादी जुनी पेठेतली आळी असेल. पोरांना पाठवा. त्या घरच्या म्हाताऱ्या आजीला विचारायला सांगा, आजी, तुमचा सण कोणता, त्या दिवशी काय रांधता, काय खात नाही, कोणत्या दिवशी काम बंद ठेवता? पोरांनी ते वहीत उतरवून आणावे, आजीच्याच शब्दांत. आणि पुढच्या श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना, घरी वालाला मोड आणून बिरडे केलेत तर ताटावर बसलेल्या पोरांना एवढे जरूर सांगा, की याच भाजीच्या नावाने एका समाजाने आपल्या मंदिराची आठवण जपली आहे.