उंदीर, बेटकुळी आणि मायस्थेनिया

दंड फुगवला की आपल्याला तिथे बेटकुळी दिसते. ग्रीकांना उंदीर दिसला. त्यांच्या भाषेत ‘मूस’ म्हणजे उंदीर आणि स्नायूही. आपला ‘मूषक’ त्याचाच भाऊबंद. ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ या आजाराच्या नावातला ‘माय’ या ‘मूस’चाच. पुढच्या ‘अस्थेनिया’तला ‘अ’ आपल्यासारखाच नकाराचा, ‘स्थेनॉस’ म्हणजे बळ. लॅटिन ‘ग्राविस’ तर आपल्या ‘गुरू’चं नातलग: जड, गंभीर. बर्लिनचे डॉक्टर फ्रीड्रिख योली यांनी १८९५ मध्ये या आजाराला ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ म्हटलं, तेव्हा पुढे ‘स्यूडोपॅरालिटिका’ हे शेपूटही होतं, म्हणजे लकव्याचा भास. ते गळलं, माझ्या मते तेच राहायला हवं होतं. इथे मुळात बिघाड स्नायूच्या बळात नसतोच, बहुतेकदा शरीराचीच प्रतिपिंडं मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचू देत नाहीत. सकाळी टक्क उघडा डोळा संध्याकाळी मिटू लागतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, भाकरी चावताना जबडा थकतो. विश्रांती घेतली की पुन्हा बळ येतं, आणि म्हणूनच घरचे त्याला ‘नाटक’ म्हणतात! १९३४ मध्ये डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मीन हे औषध टोचून रुग्णाचं बळ तात्पुरतं परत आणलं. आजची पायरिडोस्टिग्मीनची गोळी त्याच घराण्यातली. काही प्रतिजैविकं मात्र या आजारात घातक ठरतात. तेव्हा दाढ काढायला जा की तापाचं औषध आणायला, आजाराचं नाव डॉक्टरांना आधी सांगा.