न दिसण्याचे मोल : कार्बनच्या पडद्याचा इतिहास

१/ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासात यंत्राचा आणि चित्राचा गौरव होतो. ज्या कार्बनच्या पडद्यावर ते चित्र उभे राहते, त्याचे नाव क्वचितच निघते. हा धागा त्या पडद्याविषयी.

२/ १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी या यंत्राचे पहिले रूप उभे केले. पण पाहायची वस्तू ठेवायची कशावर? काचेच्या पट्टीतून प्रकाश जातो, इलेक्ट्रॉन जात नाहीत. म्हणून धातूच्या बारीक जाळीवर कोलोडियनचा पापुद्रा पसरत. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली तो सरके, ताणला जाई, फाटे.

३/ १९५४ मध्ये इंग्लंडमधील डी. ई. ब्रॅडली यांनी वेगळा मार्ग दाखवला. निर्वात पात्रात कार्बनच्या दोन कांड्यांची टोके टेकवून त्यांतून प्रखर वीजप्रवाह सोडायचा. कार्बनची वाफ होते आणि तिचा थर समोरच्या पृष्ठभागावर बसतो. अभ्रकावरचा असा थर पाण्यावर अलगद सुटतो. मग तो जाळीवर उचलून घेतात. जाडी साधारण १० ते २० नॅनोमीटर.

४/ कार्बनच का? त्याचा अणुक्रमांक अवघा ६, त्यामुळे इलेक्ट्रॉन फारसे विखुरत नाहीत. तो वीज वाहून नेतो, म्हणून पडद्यावर विद्युत्भार साचत नाही. तो उष्णता सोसतो. शिवाय वाफेतून बसलेला थर अस्फटिक असतो. स्वतःची रेखीव नक्षी तो चित्रात मिसळत नाही.

५/ ग्रॅफाइटचे नेमके उलटे. त्याचे थर ०.३३५ नॅनोमीटर अंतरावर शिस्तीत रचलेले असतात. म्हणून ग्रॅफाइटी कार्बन यंत्राची क्षमता पारखण्याची मोजपट्टी झाला. मूलद्रव्य एकच, एका रूपात ते लपते, दुसऱ्यात मोजमाप देते.

६/ १९७० मध्ये शिकागोच्या आल्बर्ट क्रू आणि सहकाऱ्यांनी कार्बनच्या अतिपातळ पडद्यावर थोरियमचे सुटे अणू दाखवले. थोरियमचा अणुक्रमांक ९०. पडदा जाड वा खडबडीत असता, तर ठिपका अणूचा की पडद्याचा, हे ठरवणेच अवघड झाले असते.

७/ १९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इइजिमा यांनी कार्बनच्या नलिकांचे वर्णन केले. त्या सापडल्या ग्रॅफाइटच्या दोन विद्युत्-अग्रांमध्ये ठिणगी पेटवल्यावर साचलेल्या द्रव्यात. आजवर आधार असलेले द्रव्य आता स्वतःच पाहण्याचा विषय झाले.

८/ इतिहासाच्या वर्गात आम्हाला पहिला धडा मिळतो तो साधनचिकित्सेचा : कागद काय सांगतो याआधी कागद कसला आहे ते पाहा. अणूचे छायाचित्र हेही एक साधनच. त्याखालचा पडदा तपासल्याशिवाय त्याची साक्ष पुरी होत नाही.